काकूंच्या खाटेवरचा अभ्यासदौरा

साहेब, तुम्ही बेघर बायकांना घराबाहेर काढलंत. हे सोपं काम नाही. ज्यांना घर आहे त्यांना बाहेर काढणारे पुष्कळ असतात. घरमालक असतात, नवरे असतात, मुलं-सुना असतात. पण ज्यांना मुळात घरच नाही त्यांनाही बाहेर काढावं, आणि वर हसत फोटो काढून घ्यावा, हा पराक्रम तुमच्याच नावावर जमा आहे.

तुम्ही म्हणता बाहेर काढलं नाही, 'एका रात्रीपुरतं समायोजन' केलं. तो शब्द मी निवाऱ्याच्या फळ्यावर उलटसुलट वाचून पाहिला. त्यात पाठ टेकायला कुठेही जागा नव्हती.

पहिल्यापासून सांगते, कारण तुमचा अहवाल मधूनच सुरू होतो.

आमचा निवारा म्हणजे जुनं गोदाम. मधे पत्र्याची भिंत, पलीकडे पुरुष, अलीकडे आम्ही. ओळीने लोखंडी खाटा. संध्याकाळी दार उघडतं, आणि उजाडलं की झाडूवाला बादली आपटत येऊन सगळ्यांना हाकलतो. दिवसा आत थांबायचं नाही, हा नियम. मी दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री करते, त्यामुळे मला फरक पडत नाही. काकूंना पडायचा.

काकू कुणाच्याच काकू नाहीत, पण सगळे त्यांना काकूच म्हणतात. लोकांच्या घरी स्वयंपाक करायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि एके दिवशी फोडणीत मोहरीऐवजी चहाची पावडर पडली. काम गेलं, कामाबरोबर मालकिणीने दिलेली जिन्याखालची खोलीही गेली. एक डोळा आधीच कामातून गेलेला होता. उरलेल्याचं दवाखान्यात फुकटात ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं की धूळ नको, धूर नको, खाली वाकायचं नाही, जमिनीवर झोपायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे. हा डोळा बिघडला तर आपल्याकडे दुसरा नाही, असं त्या म्हणाल्या. काकूंनी निवाऱ्यात परत आल्यावर मला विचारलं, "आपल्याकडे म्हणजे? त्यांना चांगले दोन आहेत की."

मॅनेजरने काकूंना आतल्या कोपऱ्यातली खाट दिली आणि डोळा बरा होईपर्यंत दिवसाही आत राहू दिलं. मॅनेजर वाईट माणूस नाही. घाबरट आहे. घाबरट माणूस कामं वाइटाचीच करतो, फक्त करताना चेहरा पाडतो.

तर एके सकाळी लॉन्ड्रीत गठ्ठा आला. सोडला तर आमच्याच चादरी. निवाऱ्याचा शिक्का मी लगेच ओळखला, रोज सकाळी तो माझ्या गालावर उमटलेला असतो. या चादरींना आजवर इस्त्री कधी लागलेली नव्हती. धुणंच जेमतेम लागायचं. मला वाटलं एकतर मंत्री येतोय, नाहीतर कुणीतरी गेलंय. मालक म्हणाला, परदेशातल्या कॉलेजची मुलं येणार आहेत, गरिबी शिकायला.

मी मन लावून इस्त्री केली. कडा अशा काढल्या की भाजी चिरता यावी. त्यापायी कुणाची खाट जाणार हे ठाऊक असतं तर एखादी तरी जाळली असती.

संध्याकाळी निवाऱ्यात पोचले तर नळ दुरुस्त झाला होता. तो नळ मी आल्यापासून गळत होता, आम्ही त्याला आजोबा म्हणायचो. भिंतीला रंग लागला होता. साबणाची नवी वडी होती आणि ती जाऊ नये म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायला एक माणूसही होता. मग मॅनेजरने आम्हाला गोळा केलं आणि जमिनीकडे बघत बोलायला सुरुवात केली.

विद्यार्थ्यांची देवाणघेवाण आहे, तो म्हणाला. तिकडची मुलं इकडे येतात, इकडची तिकडे जातात. तिकडे कोण गेलंय असं मी विचारलं तर त्याला खोकला आला. साहेब, तुमचा भाचा सुखरूप पोचला ना? थंडी फार असते म्हणतात तिकडे.

मुलांचा विषय होता बेघरपणा आणि दारिद्र्य. पुस्तकं वाचून झाली होती, आता अनुभव घ्यायचा होता. म्हणजे एक रात्र बेघर राहायचं. खरं तर ती फुटपाथवर झोपणार होती, पण त्यांच्या विमा कंपनीने हरकत घेतली. डोक्यावर छप्पर नसेल तर बेघर राहायला परवानगी नाही, असं कंपनीचं म्हणणं पडलं. मग मुलांना निवाऱ्यात झोपवायचं ठरलं. आता निवाऱ्यात खाटा ठरलेल्या. जादा माणूस घेतलं तर आगीचा नियम मोडतो. म्हणून मुलींसाठी बायकांच्या कोपऱ्यातल्या खाटा रिकाम्या करायच्या होत्या.

कोपऱ्यातल्या कशासाठी, मी विचारलं. मॅनेजर म्हणाला, तिथे वारा लागत नाही, धूळ येत नाही, मुलींना बरं.

मी म्हटलं, काकूंना तिथे त्याचसाठी ठेवलंय ना? तर तो म्हणाला, "ताई, एका रात्रीचा प्रश्न आहे. त्यांना सवय नाही. तुम्हाला आहे."

"मग सवय कुणाला लावायची आहे? त्यांनाच ना?"

विमा, असं तो पुटपुटला. मी म्हटलं, आमचाही काढा विमा, आम्हीही छपराशिवाय झोपणार नाही. बायका हसल्या. मॅनेजरही हसला असता, पण तेवढ्यात त्याच्या खिशात तुमचा फोन वाजला आणि तो उभ्याउभ्या ताठ झाला. फोनवर तुम्ही काय बोललात ते ऐकू आलं नाही. तो मात्र दर वाक्याला मान हलवत होता, जणू तुम्हाला दिसतंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलं आली. एकेकाच्या पाठीवर एवढं मोठं गाठोडं की काकूंनी मला हळूच विचारलं, ही राहायला आलीत की संसार थाटायला? मुलगे पत्र्यापलीकडे गेले, मुली आमच्याकडे. बरोबर दाढीवाले प्राध्यापक होते. त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं, आम्हालासुद्धा. रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि 'घर' म्हटल्यावर मनात येणारा पहिला शब्द लिहायला सांगितला. चिठ्ठीला मागे चिकट होतं. काकूंनी त्यांच्याकडून आणखी एक मागून घेतली. प्राध्यापकांना वाटलं काकूंच्या मनात पुष्कळ आहे. काकूंच्या थेंबांच्या बाटलीचं बूच सैल झालं होतं, त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या त्याला गुंडाळल्या आणि बाटली पदरात बांधली. प्राध्यापकांनी काहीतरी टिपून घेतलं.

मग एक उंच पोरगी काकूंच्या खाटेपाशी आली. केस गवतासारखे पिवळे, नाक उन्हाने सोललेलं. आपली भाषा ती वर्ग लावून शिकली होती आणि फार मान देऊन बोलायची. निवाऱ्यातल्या मांजरीलाही तिने 'आपण बाजूला व्हाल का?' असं विचारलं होतं. मांजर झाली बाजूला. आमचं ती कधी ऐकत नाही.

पोरगीने हात जोडून विचारलं, "आपण येथेच निद्रा घेता का?"

"घेत होते," काकू म्हणाल्या. "आता तू घे. आणि आपण-बिपण नको गं, मी काय न्यायाधीश आहे? आजी म्हण."

पोरगीने दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. मग विचारलं, "आजी, तू आज कुठे झोपणार?"

काकूंनी दाराकडे बोट केलं. पोरगी खरोखर दारात जाऊन बघून आली. बाहेर मालट्रक उभे राहतात. एक ट्रक मागे येत होता आणि सगळीकडे धुरळा झाला होता. परत आल्यावर म्हणाली, "तिकडे खोली दिसत नाही."

"तिकडे रस्ता आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी कडक चादरीवरून एकदा हात फिरवला आणि बरी आहे इस्त्री, असं मला म्हणाल्या.

पोरगी प्राध्यापकांकडे गेली. प्राध्यापकांनी मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने समायोजन हा शब्द सांगितला. प्राध्यापकांनी तो दोनदा म्हणवून घेतला, लिहिला, आणि हा मुद्दा उद्याच्या चर्चेत घेऊ म्हणाले. पोरगीचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. ती काकूंच्या खाटेवर बसली, लगेच उठली, पुन्हा बसायचं धाडस तिला होईना.

मला तिचा राग येत होता, खोटं कशाला बोलू. पण राग आला की माझं डोकं चालतं. मी विचारलं, बाई गं, इतर रात्री तू कुठे झोपतेस? कॉलेजच्या मागे अतिथीगृह आहे, ती म्हणाली, तिथे आम्हाला खोल्या दिल्यात. मी विचारलं, आज तिथे कोण आहे? कुणी नाही, ती म्हणाली, कुलूप आहे.

मी हात पुढे केला.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. बाकीच्या मुलींनीही काढल्या. एवढंच झालं, साहेब. तुमच्या अहवालात याला 'पूर्वनियोजित कट' म्हटलंय. मॅनेजरने सगळं पाहिलं, मग आमच्याकडे पाठ करून भिंतीचा नवा रंग वाळलाय का ते बघत बसला.

अतिथीगृहाच्या फाटकावर वॉचमन होता. मी मनातल्या मनात भांडणाची सगळी तयारी करून गेले होते. तिची गरजच पडली नाही. ऑपरेशननंतर दवाखान्याने काकूंना मोठा काळा चष्मा दिला होता, अर्धा चेहरा झाकणारा. त्यात त्या माझ्या दंडाला धरून, मान वर करून, अगदी सावकाश चालत होत्या, कारण खाली बघायची बंदी होती. मागून आम्ही सगळ्या. वॉचमनला वाटलं परदेशातून कुणी मोठ्या बाई आल्या. त्याने उठून सलाम ठोकला. काकूंनी मान हलवली आणि आत गेल्यावर म्हणाल्या, "बघितलंस? संस्कार आहेत मुलाला."

खोलीत पलंग होता, त्यावर जाड गादी. काकू तिच्यात इतक्या खोल गेल्या की त्यांना भिजवलेल्या कणकेत झोपल्यासारखं वाटायला लागलं. पाठ कुठे आहे ते समजेना म्हणाल्या. खिडकीला काच होती, काच बंद होत होती, आणि बंद केल्यावर धूळ खरोखर बाहेर राहत होती. मी त्यांना थेंब घातले. शेजारच्या खोलीत आमच्यातली एक गरम पाण्याखाली जाऊन बसली ती निघेचना. दुसरीने दार ठोठावून तिच्या सात पिढ्या काढल्या. मग तीही आत गेली आणि तिसरीने तिच्या काढल्या. काकूंनी पोरगीचे इकडेतिकडे पडलेले मोजे जोडीने लावले, टेबलावर उघडं पडलेलं बिस्किटाचं पाकीट गुंडाळून ठेवलं आणि एवढी शिकलेली पोर पण मुंग्यांचं काही कळत नाही, असं म्हणून झोपल्या. मला झोप लागली नाही. उशीच्या अभ्र्याला कोपऱ्यात सुरकुती होती. कुठल्या लॉन्ड्रीचं काम ते सांगत नाही, पण आमचं नव्हे.

तिकडे निवाऱ्यात तुम्ही सगळ्यांना सगळं सांगितलं होतं, फक्त झाडूवाल्याला सांगायचं विसरलात. उजाडलं तसा तो बादली आपटत आला आणि त्याने परदेशाला उठवलं. प्राध्यापकांनी कार्यक्रमपत्रिका दाखवली. तो म्हणाला, नियम म्हणजे नियम, बाहेर व्हा. मुलं आपापली गाठोडी छातीशी धरून ट्रकांमध्ये उभी राहिली. एकाला रडू आलं. प्राध्यापकांना मात्र ही गोष्ट फार खरी वाटली. आधी कळवलं असतं तर एवढी चांगली झाली नसती, असं ते म्हणाले आणि झाडूवाल्याशी हात मिळवला. झाडूवाल्याने दुसऱ्या हातातली बादली सोडली नाही.

मुलं चालत अतिथीगृहाकडे निघाली. आणि तुम्ही, साहेब, त्यांच्या आधी तिथे पोचलात. फुलांचा गुच्छ होता, कॅमेरावाला होता. एक रात्र बेघर राहून परतणाऱ्यांचं स्वागत करायचं होतं. मुलं आत असतील असं समजून तुम्ही पहिलंच दार वाजवलंत.

दार काकूंनी उघडलं. काळा चष्मा, खांद्यावर टॉवेल, तोंडात दंतमंजनाचा फेस. कॅमेरावाल्याने सवयीने फोटो काढला. तुम्ही सवयीने गुच्छ पुढे केलात. काकूंनी घेतला.

मग तुम्ही नीट बघितलंत. "या कोण? इथे काय करताहेत?" तुम्ही विचारलंत. तेवढ्यात जिन्यावरून उंच पोरगी धावत वर आली. केसांत आमच्या निवाऱ्याच्या गादीचा कापूस, डोळे सुजलेले. तिने काकूंचा हात धरला आणि कॅमेऱ्याकडे बघत, एकेक शब्द सांभाळत म्हणाली, "ही माझी आजी आहे."

काकू फेस गिळून म्हणाल्या, "हो, आमचीच पोरगी. तिचीच खोली आहे."

कॅमेरावाला म्हणाला, वा, काय सुंदर. तुम्हीही हसलात, साहेब. तुम्ही 'या काकू, इकडे उजेडात या' म्हणालात आणि दोघींच्या मधे उभे राहिलात. तो फोटो छापूनही आला. त्याखाली 'नात्यांना सीमा नसते' असं लिहिलंय.

त्याच संध्याकाळी आम्ही निवाऱ्यात परतलो तर काकूंच्या खाटेवर दुसरंच गाठोडं. काकूंची पिशवी दाराशी. मॅनेजर जमिनीकडे बघत म्हणाला की वरून आदेश आहे. ज्यांना नातेवाईक आहेत आणि त्या नातेवाइकांकडे राहायला जागा आहे, त्यांना निवाऱ्यात घेता येत नाही. काकूंना नात आहे. नातीकडे खोली आहे, गरम पाण्याची सोय आहे. तसं दोघींनी कॅमेऱ्यासमोर सांगितलंय.

मला आधी वाटलं, गंमत करतोय. एवढी गंमत करण्याइतका तो धीट नाही, हे मग लक्षात आलं.

मी काकूंना घेऊन त्याच पावली अतिथीगृहावर गेले. मुलं सामान बांधत होती. कार्यक्रमात पुढचा विषय होता पाणीटंचाई, त्यासाठी दुसऱ्या शहरी जायचं होतं. एकेकाच्या हातात प्रमाणपत्र होतं, एक रात्र यशस्वीपणे बेघर राहिल्याचं. पोरगीला सांगितलं तशी ती प्राध्यापकांकडे धावली. प्राध्यापकांनी तुम्हाला फोन लावला. तुम्ही त्यांना काय सांगितलंत कोण जाणे, ते म्हणाले नियमांचा आदर करायला हवा, आणि खोल्याही सोडल्या आहेत. पोरगी रडत माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. काकू तिथे पिशवीवर बसल्या होत्या. तिने त्यांच्यापुढे उकिडवं बसून विचारलं, "आजी, मी चुकीचं बोलले का?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. "भाषा एकदम बरोबर होती."

मग त्यांनीच तिचे डोळे पुसले. तिने आपली लोकरीची टोपी काढून काकूंना घातली. काळा चष्मा आणि वर लाल टोपी, काकू दरोडेखोर दिसत होत्या. पोरगीला रडता रडता हसू आलं, आणि गाडी लागली म्हणून तिला जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या कचेरीत आले. आठवत असेल. तुम्ही फार गोड बोललात. या ताई, बसा ताई, पाणी घ्या. मी म्हटलं, ती पोरगी विमानातून उतरून आठवडाही झाला नव्हता, ती काकूंची नात कशी? तुम्ही म्हणालात, "आम्ही कोण ठरवणार? त्यांनीच सांगितलंय. शेवटी नातं ते नातं."

मी म्हटलं, ठीक आहे. आत्ता तुम्ही मला ताई म्हणालात, म्हणजे मी तुमची बहीण झाले. काल काकूंना काकू म्हणालात, तेव्हा कॅमेरा चालू होता. तुमच्या चुलत्यांची बायको रस्त्यावर बसलीये, साहेब, आणि तुमच्या बंगल्यात खोल्या किती आहेत?

शिपाई चहा घेऊन आत येत होता, तो ट्रे घेऊन तसाच मागे वळला. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं की हसतोय. तुम्ही पेपरवेट फिरवलात, थांबवलात, पुन्हा फिरवलात. मग म्हणालात, लेखी द्या.

हे घ्या लेखी.

काकू सध्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत आहेत. मी त्यांना धुवायच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांवर झोपवते. मालक बघूनही बघत नाही, पण हे फार दिवस चालणार नाही, तसं त्याने मला बाजूला घेऊन सांगितलंय. त्या खोलीत बंब आहे. पहाटे पेटतो आणि धूर खाली बसतो. आज सकाळी काकूंचा डोळा लाल झाला होता, पाणी थांबत नव्हतं. मी बोटं धरून किती दिसतात ते विचारलं. त्यांनी माझा हात झटकला आणि म्हणाल्या की तुझी बोटं काळी झालीत, दिसणार कशी. माझी बोटं काळी नाहीत. दिवसभर पांढऱ्या चादरींवरून फिरतात ती.

दवाखान्यात मी त्यांना घेऊन चालले आहे. डॉक्टरीणबाई पहिलं विचारतील, या झोपतात कुठे? काल आणि परवाचं मी सांगू शकते. आजचं तुम्ही सांगायचं आहे. तुमचे शर्ट आमच्याच लॉन्ड्रीत येतात, मला शोधायला त्रास पडायचा नाही. उत्तरात समायोजन नको, लेखी द्या नको. एका बाईला, एका खाटेवर, धुळीपासून लांब, आज रात्री कुठे झोपवणार आहात?

बोला, साहेब.